तेरा किलो तांब्याचा पंचनामा

हसणार नसाल तर सांगते. छे, हसणारच तुम्ही, मला माहीत आहे. पण निदान तोंडातला चहा आधी गिळून घ्या. मागच्या वेळी हेच सांगताना माझ्या मैत्रिणीच्या नाकातून चहा आला, तिची नवी ओढणी खराब झाली आणि तेही माझ्याच नावावर लागलं.

गाढवपणा माझा आहे. हे आधीच कबूल करते, म्हणजे मधेच कुणी बोट दाखवायला नको.

तर मी सन्मती. एम.एस्सी., रसायनशास्त्र. कराडला हॉस्टेलवर राहून शिकले आणि परत गावी आले. गाव मिरजेपासून अर्ध्या तासावर. सकाळी नववी-दहावीच्या पोरांच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेते आणि उरलेला दिवस घरातल्या मोठ्या माणसांशी भांडते. मोठी माणसं म्हणजे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, आणि आजोबा, त्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं. आई भांडणात पडत नाही. ती दोन्ही बाजूंना चहा देते.

यंदाच्या भांडणाचं कारण होतं दहा गुंठे जमीन. विहिरीकडेचा तुकडा. मी रडून, ओरडून, शेवटी जेवण सोडण्याची धमकी देऊन तो अण्णांकडून मिळवला आणि त्यात गवती चहा लावला. त्याचं तेल काढायचं, साबणवाल्यांना आणि उदबत्तीवाल्यांना विकायचं, असा बेत. अण्णांनी बेत ऐकला, मिशीवरून हात फिरवला आणि अट घातली.

"दिवाळीला मला बाटलीत त्याल दिसलं पायजे. न्हाई दिसलं तर दिवाळी झाली की तितं ऊस."

ऊस! आमच्या भागात माणसाला मोकळी जागा दिसली की ऊस दिसतो. उद्या गच्ची रिकामी दिसली तर तिथंही सऱ्या सोडतील.

आता तेल काय गवत पिळून निघत नाही. त्याला यंत्र लागतं. खाली मोठं भांडं, त्यात पाणी, पाण्याच्या वर जाळीवर गवत. भांड्यावर घट्ट टोपण, टोपणातून निघालेली नळी, आणि ती नळी गार पाण्याच्या पिंपातून वेटोळी घेत बाहेर. खाली जाळ लावला की वाफ वर जाते, नळीत थंड होते आणि थेंब थेंब बाहेर पडते. पाण्यावर तेल तरंगतं, ते काढून घ्यायचं. तयार यंत्राचा भाव विचारला आणि तो ऐकून मी "बरं बरं" म्हणत फोनच ठेवून दिला. म्हटलं, घरीच करू. नळी फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून मिळेल. टोपणाला माळ्यावरची तांब्याची जुनी घागर उलटी घालता येईल. राहिलं मोठं भांडं. तेवढं करून घ्यायचं.

आप्पांना मोबाईलवर चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, मोबाईल लांब धरला.

"आपल्या घरात चार म्हैने कांदा शिजत न्हाई, आन् तू भट्टी लावतीस?"

"आप्पा, गवताच्या तेलाचं आहे ते!"

"भांडं तर तसलंच दिसतंय."

"तसलं भांडं कसं दिसतं हे तुम्हाला कसं माहीत?"

आप्पा मोबाईल माझ्या हातात देऊन गोठ्याकडे गेले. माझ्या मनात पहिला संशय तिथं पडला. संशयाचं काय असतं, एक पडला की त्याला सोबत लागते.

मग आठवडाभर मी पत्र्याच्या जाडीचा अभ्यास केला. पत्रा पातळ घेतला तर भांडं पोचतं, जाड घेतला तर जळण जास्त लागतं. इंटरनेटवर कुणी अर्धा मिली म्हणतो, कुणी पाऊण, कुणी एक. मी वही काढली, तांब्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता, भांड्याचा घेर, पाण्याचा भार, सगळं मांडलं. चार पानं भरली. उत्तर आलं एक मिलिमीटर. उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

आप्पा म्हणाले, "दस्तगीरला इचारू."

दस्तगीरचाचा म्हणजे मिरजेतले जुने तांबट. आमच्या न्हाणीतला पाणी तापवायचा बंब त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी केलेला. तो अजून चालतो, हे आप्पा आल्यागेल्याला कौतुकानं सांगतात. चाचा आता सत्तरीचे. जन्मभर हातोडीचे आवाज ऐकून कान निम्मे गेलेले, त्यामुळं बोलतात ते असं, की पलीकडच्या गल्लीत कुणाला तरी हाक मारतायत असं वाटावं.

त्यांनी माझी वही उघडलीसुद्धा नाही. मला विचारलं, "चूल कशाची?"

"कशाची म्हणजे? पाचट, चिपाडं, जे मिळेल ते."

"मंग बूड दोन मिली. वरचं हलकं चालंल."

"दोन? चाचा, एक मिली पुरेसं आहे. मी हिशेब केलाय. हा बघा."

"हिशेबात जाळ कुठं हाय, बेटी?"

आता बघा हं. तांबटाची घडणावळ किलोवर असते. पत्रा जाड, म्हणजे भांडं जड, म्हणजे मजुरी जास्त. दोन मिली का, ते मला लख्ख दिसलं. शेजारी आप्पा बसून मान डोलावत होते आणि दोघं एकाच कपातला चहा बशीत वाटून पीत होते. चाळीस वर्षांची ओळख! म्हणजे कटसुद्धा चाळीस वर्षांचा असणार.

मी म्हटलं, थांबा. एम.एस्सी. झालेल्या मुलीला फसवताय काय?

दुसऱ्या दिवशी एकटीच सांगलीला गेले आणि पत्रा स्वतः घेतला. चार फूट बाय चार फूट, एक मिली, लालभडक, तोंड दिसेल असा चकचकीत. दुकानदारानं काट्यावर ठेवला. तेरा किलो तीनशे ग्रॅम. मी पर्समधून स्क्रूगेज काढलं. हे म्हणजे जाडी मोजायचं उपकरण, शिकवणीत पोरांना दाखवायला ठेवलेलं. अकरा ठिकाणी मोजलं.

"ताई," दुकानदार म्हणाला, "तांबं घेताय का सोनं?"

घरी येऊन मी दार लावलं आणि खिळ्यानं पत्र्याच्या चारी कोपऱ्यांवर माझं नाव कोरलं. सन्मती, सन्मती, सन्मती, सन्मती. म्हटलं, आता बदला बघू पत्रा! एक कोपरा घासाल, दोन घासाल. चार कसे घासाल?

चाचांकडे पत्रा पोचवला. त्यांनी त्यावर टिचकी मारली आणि मान वाकडी करून आवाज ऐकला. मग अंगठा पत्र्याच्या कडेनं फिरवत कोपऱ्यापर्यंत नेला. माझ्या नावावर अंगठा थांबला. चाचा हसले. दात तीनच, पण हसले.

"ठीक हाय. पत्रा तुझा, हट्ट तुझा. पंधरा दिवसांनी ये."

"मी मधेमधे येईन."

"रोज ये. चहा पी."

इतकं गोड कोण बोलतं? ज्याच्या मनात काळंबेरं असतं तोच.

चार दिवसांनी अचानक जाऊन उभी राहिले. काय बघितलं असेल? माझा लालभडक पत्रा गायब! तिथं एक मोठी गोल चकती पडली होती, काळी-जांभळी, डाग पडलेली. मी कडेला बोट लावलं तर ती चपातीसारखी लवली. माझा पत्रा ताठ होता हो! आणि नाव? कडेनं सगळीकडे फिरून बघितलं. एकही सन्मती नाही.

तुमच्या चेहऱ्यावर काय दिसतंय ते मला कळतंय. थांबा. संशय आला की माणसाला भूमिती आठवत नाही, एवढंच सांगते.

"चाचा, हा माझाच पत्रा का?"

"मंग काय माझा?"

"माझा लाल होता."

"तापवल्याशिवाय नरम पडत न्हाई. तापवला की काळा व्हतो."

तांबं तापवलं की त्यावर काळा ऑक्साइड चढतो, हे मी दरवर्षी नववीला शिकवते. फळ्यावर समीकरण लिहिते. पण त्या क्षणी मला वाटलं, बघा, उत्तर कसं तयार ठेवलंय!

त्याच संध्याकाळी घरी आले तर आप्पा ओसरीत फोनवर. चाचांशी बोलायचं म्हणजे आप्पांनाही ओरडायला लागतं, म्हणून मला फाटकापासूनच ऐकू आलं.

"व्हय, व्हय, निघालंय ते बाजूला काढून ठेव! सन्मतीला आत्ता काय सांगू नको! कळलं तर घर डोक्यावर घील ती!"

मी दारात उभी. आप्पांनी मला बघितलं आणि मोबाईल खिशात टाकला. बंद न करताच. खिशातून चाचांचा आवाज येत राहिला, "हां? काय? कोन डोक्यावर घेतंय?"

"कुणाचा फोन होता, आप्पा?"

"चुकून लागला."

घ्या! स्वतःचे आजोबा! ज्यांच्या खांद्यावर बसून मी म्हसवडची जत्रा बघितली, ते आता माझंच तांबं बाजूला काढून ठेवायला सांगतायत. त्या संध्याकाळी आईनं चहा दिला, तोसुद्धा आधी वास घेऊन प्यायले.

बाराव्या दिवशी आप्पांना घेऊन मिरजेला गेले. मुद्दाम. दोन्ही आरोपी एका जागी सापडावेत म्हणून.

भांडं आकाराला आलं होतं. खरं सांगायचं तर देखणं होतं. पोट गोल, काठ बाहेर वळलेला, अंगभर हातोडीचे बारीक ठसे, ऊन पडलं की माशाच्या खवल्यांसारखं चमकणारं. एक क्षण मी विरघळले. मग स्वतःला सावरलं, पर्स उघडली आणि स्क्रूगेज काठाला लावलं.

शून्य पॉइंट बहात्तर.

दुसरीकडे लावलं. शून्य पॉइंट सत्तर.

"चाचा!" माझा आवाज असा चढला की शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर आलं. "पत्रा एक मिलीचा दिला होता. हा पाऊणसुद्धा भरत नाही!"

"ठोकला की ताणतो, बेटी."

"ताणतो? तांबं म्हणजे काय भिजवलेली कणीक आहे ताणायला?"

"कणकीगतच असतंय."

"मला शिकवू नका! मी धातूंचे गुणधर्म शिकवते! माझा पत्रा बदललाय तुम्ही. रंग बदलला, जाडी बदलली, नाव नाही..."

आतला पडदा सरकला आणि हमीदाचाची बाहेर आल्या. चाचांच्या बायको. ठेंगण्या, कमरेला पदर खोचलेला, हातात लाटणं. लाटणं चपात्यांचं होतं, पण त्यांनी ते ज्या पद्धतीनं धरलं होतं ते चपात्यांचं नव्हतं.

"काय बोलतीस गं? चोरी? आमच्या दुकानात?"

"अगं, लहान हाय ती," आप्पा म्हणाले.

"लहान? चोविशीची घोडी हाय! चोर म्हनाली ती त्यांना!"

चाचांनी हातातली हातोडी खाली ठेवली. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले.

"काट्यावर चल."

त्यांनी भांडं उचलून डोक्यावर पालथं घातलं आणि चालू लागले. गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याचा मोठा काटा आहे. आमची वरात निघाली. पुढं डोक्यावर भांडं घेतलेले चाचा, मागं स्क्रूगेज परजत मी, माझ्यामागं आप्पा, आप्पांमागं गल्लीतली पाच-सात माणसं. चाची मात्र मधेच थांबल्या आणि काहीतरी आठवल्यासारख्या माघारी गेल्या. माझ्या नजरेतून ते सुटलं नाही. पुरावा लपवायला!

भंगारवाला खूश झाला. "मोडीत घालायचंय व्हय? छान भाव देतो."

"मोडीत नाही!" मी ओरडले. "पंचनामा आहे!"

भांडं काट्यावर चढलं. आकडे फिरले, थांबले. दहा किलो चारशे पन्नास.

आणि मग मी भाषण केलं. हो, भाषण! आठवलं की आजही कानशिलं गरम होतात. "तेरा किलो तीनशे ग्रॅम दिलं होतं मी. पावती आहे. दोन किलो आठशे पन्नास ग्रॅम तांबं कमी आहे! कुठं गेलं? हवेत उडालं? 'बाजूला काढून ठेव, सन्मतीला सांगू नको', हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. आणि सांगणारा कोण होता? विचारा यांना!"

सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी आकाशाकडे बघितलं.

"बोला की आता," मी म्हटलं. मला अगदी कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटत होतं. गर्दीतून एकजण "पोरगी हुशार हाय" म्हणाल्याचंही मला ऐकू आलं. तेवढंच एक वाक्य त्या दिवशी माझ्या बाजूनं गेलं.

गर्दी बाजूला झाली. चाची. बगलेत जुन्या लुंगीचं गाठोडं. त्या माझ्याकडे न बघता आल्या आणि गाठोडं काट्यावर भांड्याशेजारी आदळलं. मग गाठ सोडून लुंगी खालून ओढून घेतली, कापडाचं वजन नको म्हणून.

तेरा किलो दोनशे ऐंशी.

"आजून थांब," चाचा म्हणाले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी कागदाची एक पुडी काढली. "कानस मारल्याली भुकटी." पुडी काट्यावर ठेवली.

तेरा किलो तीनशे.

मी गाठोड्यातून निघालेल्या तुकड्यांकडे बघितलं. चार होते. लालभडक, चकचकीत, तिकोनी. चौकोनी पत्र्यातून गोल कापला की चार कोपरे उरतात ना, तेच. आणि प्रत्येक कोपऱ्यावर खिळ्यानं, माझ्याच वळणदार अक्षरात, सन्मती. सन्मती. सन्मती. सन्मती.

भंगारवाला वाकला, वाचलं, माझ्याकडे बघून अदबीनं विचारलं, "ताई, नाव तुमचंच का?"

चाचींनी लाटणं खाली केलं. "शिकलीस किती गं तू?"

मी काही बोलायच्या आत आप्पांनी मोठ्यांदा उत्तर दिलं. फार अभिमानानं दिलं, आणि तेच जास्त लागलं. "एम्मेस्सी! रसायन!"

सगळ्यात वाईट काय माहिती आहे? त्याच आठवड्यात मी नववीच्या पोरांना वस्तुमान कायम राहतं हा नियम शिकवला होता. रूप बदलतं, आकार बदलतो, पण वस्तुमान तेवढंच राहतं. फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. एका पोराला नियम पाठ नव्हता म्हणून दहादा लिहायलाही लावला होता. म्हणजे पत्रा पातळ झालाय तर तो पसरला असेल, आधी वजन करावं, एवढं त्या पोरालाही सुचलं असतं. आणि मला? गुन्हेगार पकडल्याच्या आनंदात मी तोंडभर भाषण करत होते.

पण किस्सा इथं संपला असता तर बरं झालं असतं.

चाचांनी भांडं उचललं आणि माझ्या हातात दिलं. "घिऊन जा. फुडचं काम मी करनार न्हाई. साठ वर्षं हातोडी मारतोय. काट्यावर कुनी न्हेलं न्हवतं मला."

दिवाळीला नऊ दिवस. दहा गुंठे गवत कमरेएवढं वाढून उभं. भांड्याला कड्या नाहीत, टोपण बसत नाही, नळीचं तोंड जोडलेलं नाही. अर्धं झालेलं काम दुसरा तांबट हातात घेत नाही, ही आमच्याकडची रीत. डोळ्यांसमोर माझ्या दहा गुंठ्यांत ऊस वाढायला लागला. तुरेसुद्धा आले.

माफी मागावी लागणार होती. आता आमच्या घरात माफी कुणालाच मागता येत नाही. अण्णा चुकले की म्हशीशी बोलतात. आप्पा चुकले की मंदिरात जातात. मी चुकत नाही, त्यामुळं सराव नाही.

मी मान खाली घालून म्हटलं, "चाचा, चुकलं माझं."

चाचांनी कानाला हात लावला. "काय?"

"चुकलं माझं, चाचा."

"मोठ्यानं बोल. ऐकू येत न्हाई मला."

मी ओरडले, "माझं चुकलं! तुम्ही चोर नाही! मी मूर्ख आहे!" हे पलीकडच्या गल्लीपर्यंत गेलं. वरच्या खिडकीतून कुणीतरी डोकं बाहेर काढून विचारलं, "कोन मूर्ख हाय?"

चाची पदराआड हसत म्हणाल्या, "पयल्यांदाच ऐकू आलं हुतं त्यांना."

आणि चाचांचे ते तीन दात परत दिसले.

दुकानात नेऊन त्यांनी मला पाटावर बसवलं. पत्र्याची एक पट्टी दिली, हातोडी दिली. "मोज."

मोजली. एक मिली.

"मार."

मारली. पहिल्या दहा ठोक्यांत तीन माझ्याच बोटावर. मनगट भरून आलं, दंड दुखायला लागले, पट्टी मात्र हळूहळू रुंद होत गेली. माझ्या हातोडीखाली, माझ्या डोळ्यांसमोर.

"मोज."

शून्य पॉइंट पंच्याऐंशी.

"कुनी चोरलं?" चाचांनी विचारलं.

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग चाचांनी भांडं पालथं घातलं आणि बुडावर बोटं टेकली. "इथं ठोकलेलं न्हाई. एक मिली हाय तसं हाय. पाचटाच्या जाळावर बुडाला एक मिली पुरंल?"

चार पानांचा हिशेब माझ्या पर्समध्येच होता. मी पर्सची चेन लावली. "तुम्ही सांगाल ते."

"तुझ्या आजोबांनी आधीच सांगितलंय. हे चार कोपरे बुडाला बसवायचे. एक वर एक, दोन मिली. नवा पत्रा नको, काय नको."

मी आप्पांकडे वळले. "म्हणजे फोनवर 'बाजूला काढून ठेव' म्हणालात ते..."

"कोपरंच."

"मग मला सरळ सांगायचं ना!"

"सांगितलं हुतं की. पयल्या दिवशी, दोगांनीबी." आप्पांनी बशीत चहा ओतला. "तू हिशेब केला हुतास."

पाच दिवसांत भांडं तयार झालं. न्यायला गेले तेव्हा चाचांच्या हातात टोकदार छिन्नी आणि छोटी हातोडी. भांड्यावर टिंबाटिंबांनी नाव घालायची पद्धत, ती सोडायची नाही म्हणे.

"नाव काय घालू?"

मला वर बघवत नव्हतं. मी म्हटलं, "तुम्हाला पाहिजे ते घाला, चाचा." आणि चाचींना पिंप बांधायला दोरी मागायच्या निमित्तानं आत गेले. ही माझी शेवटची चूक.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मळ्यात चूल मांडली. गवत भरलं, उलटी घागर बसवली, सांध्यांना कणीक थापली. खरीखुरी, भिजवलेली कणीक. अण्णा खुर्ची टाकून समोर बसले, दहा गुंठ्यांकडे पाठ करून. पाचट असं धडाडलं की मला त्या बुडाची भीतीच वाटली. बूड हललं नाही. एक मिलीचं असतं तर? विचारू नका.

पाऊण तासानं नळीच्या तोंडाशी पहिला थेंब लोंबकळला. मग दुसरा. बरणीत पाणी साठलं आणि पाण्यावर पिवळा तवंग आला. तासाभरात तो बोटभर जाड झाला. सगळ्या मळ्यात असा वास सुटला की म्हशींनीही माना वर केल्या.

अण्णांनी बाटली नाकाशी धरली. एकदा, दोनदा. मग म्हशीकडे बघून म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग ऊस."

मी जिंकले! नाचले मी! आणि त्याच नाचात भांड्याच्या मागच्या बाजूला गेले आणि टिंबांची ती ओळ वाचली.

आता तेल चांगलं चाललंय. लांबलांबून माणसं मळ्यात यंत्र बघायला येतात. मी त्यांना शास्त्र समजावून सांगते, वाफ, घनता, सगळं. ते ऐकतात, माना डोलावतात. मग आप्पा हळूच पुढं होतात, भांड्यावरची राख पुसतात आणि म्हणतात, "पाव्हनं, जरा हितलं वाचा." पाहुणे वाकतात, बोट फिरवत एकेक अक्षर लावतात, आणि सरळ होतात तेव्हा माझ्याकडे बघायची त्यांची तऱ्हाच बदललेली असते.

चाचांचं अक्षर सुंदर आहे, ते मान्य केलंच पाहिजे. टिंब न् टिंब सारखं.

'कु. सन्मती हिने वजन करून घेतले. तेरा किलो तीनशे. भुकटी धरून.'